उतार

डुलुथच्या शाळेत, खोली दोनशे चौदाच्या दारामागे
चपला ठेवायची कापडी पिशवी टांगली आहे मी.
तीस कप्पे, तीस ग्राफिंग कॅल्क्युलेटर,
पाठीवर पांढऱ्या नेलपॉलिशने घातलेले नंबर.
अकराचं झाकण हरवलंय, तिथे चिकटपट्टी.
एकोणीसचा नऊ एकदा दाबला की दोनदा उमटतो.
डिसेंबरात बॅटऱ्या चोरीला जातात
आणि मी विचारत नाही
कुणाच्या घरच्या हीटरच्या रिमोटला लागल्या.

माझे वडील बार्शीला अडत दुकानात दिवाणजी.
सवायकी, दिडकी तोंडात, पेन्सिल कानावर.
म्हणायचे, बाकी काहीही विसर,
हातचा एक विसरू नको.
या यंत्राला हातचा ठाऊक नाही.
याला फक्त खिडकी असते,
आणि मुलं दर सोमवारी ओरडतात:
मिसेस जी, माझी रेघच येत नाही!
(गव्हाणे म्हणता येत नाही त्यांना.)
मी म्हणते, रेघ आहे बाळा,
तू खिडकी दहापर्यंतच उघडली आहेस,
ती दोनशेच्या वर कुठेतरी चालली आहे एकटी.

मे महिन्यात राज्याची परीक्षा.
नियम असा की आदल्या संध्याकाळी
प्रत्येक यंत्राची स्मृती पुसायची, आणि सही करायची.
दुसरं बटण, अधिक, सात, एक, दोन.
पडदा सांगतो: पुसलं.
सातमध्ये साप होता, सफरचंद खाणारा.
बारामध्ये एक शिवी, स्पेलिंग चुकलेली.
सोळात कुणीतरी समीकरणं जुळवून
बदाम काढला होता, जरा कलता.
पुसलं. पुसलं. पुसलं.

तेवीसमध्ये दोन याद्या.
पहिलीत एक ते चौदा.
दुसरीत एकशे अठ्ठेचाळीस, एकशे सेहेचाळीस,
पुन्हा एकशे सेहेचाळीस, एकशे एक्केचाळीस...
चौदाव्यासमोर एकशे अठरा.
मला आधी वाटलं, तळ्याचं काहीतरी असेल,
सायन्सच्या प्रोजेक्टचं.
मग आलेख उघडला.
ठिपक्यांतून सरळ रेघ काढलेली, मी शिकवली तशीच,
उतार उणे दोन पूर्णांक तीन.
आणि खाली दुसरी रेघ, आडवी, नव्वदवर.
दोघी जिथे भेटतात तिथे यंत्राला विचारलेलं:
सव्वीस.

रजिस्टरमध्ये तेवीस म्हणजे ओरिन लाक्सो.
शेवटचा बाक, डोक्यावरचं हूड कधी न उतरणारं.
त्याची आई एप्रिलात भेटायला आली होती
लाल कोटावरून पट्टा बांधून,
पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवीन भोक.
आम्ही त्याच्या भूमितीबद्दल बोललो.

आमच्या घरी उतार हा चांगला शब्द होता.
तापाला उतार पडला की आई पेज करायची,
मेतकूट, वर तुपाचा थेंब.
इथे मीच फळ्यावर लिहिलं होतं
उतार म्हणजे दर पावलाला किती जातं ते.
नव्वद हा आकडा त्याला कुणी सांगितला?
मी बोटांवर मोजलं, चौदा ते सव्वीस,
ऑगस्ट.

बाहेर तळ्यावर मालाच्या बोटीनं भोंगा दिला,
पूल वर गेला, खाली आला.
कागद समोर असूनही मी
चौदाच्या चौदा आकडे तळहातावर उतरवले
लाल पेनानं, मनगटापर्यंत गेले ते.
दुसरं बटण, अधिक, सात, एक, दोन.
सही केली.

सकाळी ओरिननं तेवीस उचलला,
याद्या उघडल्या, थांबला.
मग माझ्याकडे पाहिलं. मी हात धुतला नव्हता.
टेबलावर पालथा होता तो मी उलटा केला,
हजेरी घेत असल्यासारखा.
त्यानं वाचले सगळे, खालपर्यंत, घाई न करता.
"काल पंधरावा झाला," तो म्हणाला,
"एकशे एकोणीस."
आणि पेपर घेऊन मागच्या बाकावर गेला.

एकशे अठराच्या खाली, मनगटावर, जागा होती थोडी.
मी पेनाचं टोपण काढलं.
हातचा एक.